झाकलेला सैनिक

इथे आखातात, सीबच्या जुन्या बाजारात रत्नागिरीकडचे एक काका फ्रेमा करून देतात. बोलताना समोरच्याकडे बघत नाहीत आणि दर वाक्याशेवटी 'खलास' म्हणतात. आमच्या कंपनीतल्या जपानी साहेबांनी मायदेशी परतताना मला दिलेलं, लाकडी ठशांनी छापलेलं लढाईचं जुनं चित्र मी काकांकडे फ्रेमला टाकलं. आणायला गेलो, तर कोपऱ्यातला मरणारा सैनिक पुठ्ठ्याच्या किनारीखाली झाकलेला.

"काका, हा माणूस कुठं गेला?" मी चिडलोच.

"तो पाणी मागतोय. घरात रोज त्याच्याकडे कोण बघणार? खलास." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "उघडून देऊ?"

मी पैसे काढून त्यांच्या हातात ठेवले. चित्र तसंच भिंतीवर लावलंय. पाहुण्यांना लढाई दाखवतो. त्या माणसाबद्दल सांगावं का, ते अजून ठरत नाही.