तेरड्याची गौर

आमच्या न्हाणीच्या पाण्यावर दरवर्षी तेरडा उगवतो. मुद्दाम कुणी पेरत नाही. पिकलेल्या बोंडाला बोट लागलं की ते फट्‌कन फुटतं आणि बी चहूकडे उडतं. पुढच्या पावसाळ्यात तिथंच गुलाबी फुलांची दाटी होते. फुलाला वास नाही, रोजच्या पूजेत मान नाही. पण भाद्रपदात गौर येते ती याच रोपांची. मुळासकट उपटायची, धुवायची, जुडी बांधायची आणि घरात आणायची.

मुळासकट का, याची गोष्ट आई सांगायची. गौर माहेराला निघाली तेव्हा तिनं सगळ्या फुलांना सोबत बोलावलं. कुणी म्हणालं, अजून नटायचंय. कुणी म्हणालं, पाऊस लय आहे. तेरडा तेवढा होता तसा, मुळं चिखलासकट उचलून तिच्यामागं चालू लागला.

जुडी आणायचा मान आक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा. लग्न होऊन आष्ट्याला गेली तरी गौरीला ती हमखास उंब्रजच्या फाट्यावर उतरायची. दहावीनंतर शाळा सोडून ती आईबरोबर शेतात राबली, म्हणून मी कराडच्या कॉलेजात जाऊ शकले. आमच्या घरातली पहिली पदवी माझ्या नावावर आहे, पण पहाटेचा डबा तिच्या हातचा होता. गौरीच्या आदल्या दिवशी ती तेरड्याची फुलं तुरटी घालून वाटायची आणि रंगण्यासाठी माझ्या नखांवर बांधायची.

यंदा उन्हाळ्यात दाजी गेले. फौजेतून सुट्टीवर आले होते, रस्त्यात अपघात झाला. श्रावण संपला तरी आईनं आक्काला बोलावणं धाडलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "जुडी आणायला सवाष्ण लागती, न्हाईतर कुवार पोर. दुसरीच्या हातात जुडी बघून तिला काय वाटंल? आन बाया काय बोलत्यात, ठावं हाय न्हवं तुला? त्यापरीस न्हाई आली तेच बरं."

संध्याकाळी आक्काचाच फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, "तेरडा फुलला का गं?"

"फुललाय."

"लय?"

"लय. तू ये की."

"आई म्हणंल तवा यीन," ती म्हणाली.

आई म्हणाली नाही. गौर मी आणली. उंबऱ्यात आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" सोन्याच्या, एवढंच म्हणायचं होतं. मी फाट्याकडच्या वाटेकडं बघत राहिले. मागून शेजारची काकू ओरडली, "आगं बोल की, बी.ए. झालीस न्हवं!" सगळ्या हसल्या.

तिसऱ्या दिवशी, गौर बोळवायच्या वेळी आक्का आली. न बोलावता, हातात साधी पिशवीही न घेता. आल्या आल्या तिनं माझी नखं बघितली.

"कुणी बांधलं?"

"मीच."

"तरीच. समदं कडंला गेलंय. एका हातानं तुला कवा जमायचं!"

मग ती आईकडं वळली. "आणायला सवाष्ण लागती. बोळवायला कोनबी चालतं न्हवं?"

जुडीनं एव्हाना माना टाकल्या होत्या, फुलं काळवंडली होती. ती आईनं स्वतः उचलून आक्काच्या हातात दिली.

विहिरीवर आक्कानं जुडी पाण्यात सोडली आणि काठचे पाच खडे ओच्यात घेतले. गौर सोडून येताना मागं बघायचं नसतं. तिनं बघितलं नाही. घरी आलो, तर आई तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. तिनं आक्काच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. प्रश्न मात्र विचारला नाही.

"ऱ्हा आज," एवढंच म्हणाली.

"गौर तर गेली, आई. आता ऱ्हाऊन काय करू?"

खडे देव्हाऱ्यात ठेवून आक्का न्हाणीकडं गेली. आष्ट्याला दारात लावायला तिला तेरड्याचं बी हवं होतं. पिकली बोंडं ती हलक्या हातानं खुडू पाही, पण हात लागताच ती फुटत. बरंचसं बी आमच्याच चिखलात सांडलं. उरलेलं मुठीत धरून ती फाट्याकडं चालू लागली. आई रिकामा तांब्या धरून तशीच उभी होती.