शकूनं निवडलेलं घर

१९६६ सालचा मे महिना. मी पोहे भिजवत होते, सासूबाई जपाला बसत होत्या, तेवढ्यात पुढच्या दाराची कडी वाजली. दारात दांडीच्या कोळीवाड्यातल्या काशीबाईची शकू, हातात वही.

काशीबाई अठरा वर्षं आमच्या मागच्या दारी मासळी घेऊन येत होती. तिची ही लेक मॅट्रिक झाली तेव्हा स्थळ आलं. हिनं पाहुण्यांच्या समोरच सांगितलं, मला अजून शिकायचंय. आता मुंबईच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय मानववंशशास्त्र, म्हणजे माणसं कशी राहतात, काय पाळतात, त्याचा अभ्यास.

"मागच्या दारानं ये गं," सासूबाई म्हणाल्या.

"आज मासळी नाय आणली, आजी." शकू तिथून हलली नाही.

मी तिला ओटीवर बसवलं. सुटीत प्रत्येकानं एका घराची पाहणी लिहून न्यायची होती. वर्गातली बाकीची डोंगराकडच्या पाड्यांवर निघाली होती. हिला सर म्हणाले, तू तुमच्याच लोकांचं लिही, घरबसल्या होईल.

"मी बोलले, सर, आमच्याकडं कोणीपण येतं. पट्टी लावून नाकं मोजतात, मडक्यांत डोकावतात, लिहून नेतात. मी पालघरातलं शिकलेलं घर लिहीन. तर हसले. बोलले, ते तुला आत घेतील का? आत गेली नाहीस तर तुझी पाहणी मी धरणार नाही."

"आमच्यात काय बघायचंय?" सासूबाई आतून म्हणाल्या. "आम्ही काय रानटी आहोत?"

"रानटी कोणीच नसतं, आजी. पयल्याच तासाला शिकवतात."

मला हसू आलं. सासूबाईंना नाही.

"मासळीचं भांडं तुमी घराबाहेर का ठेवता, ते आईला इचारलं. ती बोलली, रीत हाय. म्हणून तुमाला इचारते वहिनी."

मी बी.ए. होऊन नऊ वर्षं झाली होती. ते भांडं रोज राखेनं घासून पडवीत पालथं घालणारी मीच. का, ते मला सांगता येईना.

"काय विचारायचं ते ओटीवरच बसून विचार," सासूबाई म्हणाल्या.

शकूनं वही मिटली. "ऐकीव लिहायला मी आले नाय, आजी. उद्या सकाळी तुमी रांधाल तवा मला तासभर स्वयंपाकघरात बसू द्या."