पाच फुटांचा तलाव आणि बिनतारी हुकूम

नागपूरच्या स्टँडवर कुरखेड्याच्या एसटीत बसलो तेव्हा मांडीवरच्या पिशवीत तळहातावर मावणारे दोन संगणक होते आणि डोक्यात भरपूर हवा होती. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. मोबाइल तेव्हा पुण्यातही मुद्दाम खिशातून काढून टेबलावर ठेवायची चीज होती. त्या काळात मी या हातसंगणकांसाठी प्रोग्राम लिहायचो. करडा पडदा, लिहायला प्लॅस्टिकची काडी, आणि सेल संपले की यंत्र स्वतःचं नावसुद्धा विसरायचं. आमच्या दोन खोल्यांच्या कंपनीत आम्ही याला भविष्यकाळ म्हणत होतो.

उमरेडच्या पुढे गर्दी ओसरली तसा कंडक्टर शेजारी येऊन बसला. "काय होय हे? रेडिओ?"

मी सांगितलं, संगणक आहे, आणि तो दुसऱ्या संगणकाशी तारेशिवाय बोलतो.

"किती लांबून?"

"शंभर फुटांवरून."

"तेवढ्यावरून त मीबी बोलतो," असं म्हणून त्यानं बसल्या जागेवरून अगदी मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्याला तिकीट विचारलं. म्हाताऱ्यानं तिथूनच उत्तर दिलं. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

बाहेर बघण्यासारखं होतंही. ब्रह्मपुरीला आलुबोंडा खाऊन पुढे निघालो की दोन्ही बाजूंना नुसता धान, लोंबी धरलेला, आणि मधे मधे तलाव. वडशाजवळ वैनगंगा ओलांडली आणि झाडी दाट झाली. इकडे शेताला बांधी म्हणतात (चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला तुकडा). दसरा नुकताच झाला होता. दाणा भरायचे दिवस, धानाला शेवटचं पाणी लागतं ते याच वेळी, आणि ते पाणी तलावातून येतं.

माझा प्रकल्प नेमका त्या पाण्याचा होता. एका कचेरीनं ठरवलं होतं की तलावाचं पाणी किती सोडायचं हे यापुढे माणसानं ठरवायचं नाही. माणूस पक्षपात करतो. एक हातसंगणक गावच्या पाणकराकडे (तलाव सांभाळून पाणी सोडणारा माणूस) द्यायचा. त्यानं रोज तलावातल्या दगडी खांबावरची खूण वाचून फुटांचा आकडा भरायचा. आठवड्यातून एकदा प्रकल्पाचे साहेब जीपनं पाळीजवळ (तलावाचा मातीचा बांध) यायचे. पाणकराच्या यंत्रातला आकडा बिनतारी त्यांच्या यंत्रात जायचा, तिथे माझा प्रोग्राम हिशेब करायचा आणि हुकूम तसाच बिनतारी परत यायचा. साहेब आणि पाणकर दहा हातांवर उभे असायचे. पण एकमेकांना विचारायचं नाही, हाच तर प्रकल्प होता.

गेल्या खरिपात एका गावी हे करून झालं होतं आणि निकाल इतका चांगला होता की कंपनीनं मला तो डोळ्यांनी पाहून यायला पाठवलं. एकही तक्रार नाही. धान पिकला, भांडण झालं नाही. पुण्यात आम्ही पेढे वाटले होते.

कुरखेड्याला साहेब जीप घेऊनच उभे होते. हसतमुख माणूस. जीपमधे त्यांनी मला तीनदा सांगितलं की हे यंत्र आल्यापासून त्यांच्या डोक्याचा ताप गेला. "पहिले लोक माझ्याशी भांडत होते. आता मी म्हणतो, मशीनशी भांडा. चूप बसतात."

गाव तलावाच्या कुशीत होतं. पाळीवर मोहाची मोठी झाडं, खाली पाण्यात दगडी तुडूम (पाणी सोडायचा खांब, त्याला वर एक आणि तळाशी एक अशी दोन भोकं आणि त्यांत लाकडी डाट). सोमाभाऊ पाणकर यंत्र गमछ्यात गुंडाळून हजर होते. साठीच्या पुढचे, बारीक, कमी बोलणारे. यंत्र इतकं जपलेलं की मला भरून आलं. काडीसुद्धा त्यांनी सुतळीनं बांधून ठेवली होती.

मी त्यांच्या भरलेल्या आकड्यांवर नजर टाकली. आजचा आकडा, दोन फूट. मग सहज खांबाकडे पाहिलं. पाणी पाचच्या खुणेला होतं.

मी पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात गेलो, बोटानं खुणा मोजल्या. पाचच. मागचे आकडे पाहिले. पाळीच्या दगडांवर उतरत्या पाण्याच्या रेघा दिसत होत्या, त्यांच्याशी ताडून पाहिलं तर प्रत्येक आकडा तीन फुटांनी कमी. माझ्यातला प्रोग्रामर पिसाळला. सहा महिने रात्रंदिवस खपून मी हा प्रोग्राम लिहिला आणि यांना साधी खूण वाचता येत नाही.

"सोमाभाऊ, हे चुकलंय."

"नाई जी, बरोबर आहे," ते शांतपणे म्हणाले.

मी ऐकून घेणाऱ्यांतला नव्हतो. काडी घेतली, दोनचे पाच केले आणि पाठवायचं बटण दाबलं. जीपजवळ साहेबांचं यंत्र वाजलं. लगेच हुकूम आला आणि साहेबांनी तो मोठ्यानं वाचला. "पाच फूट सोडा."

पाळीवर बांध्यांचे मालक आणि ढिवर मंडळी (तलावात मासेमारी करणारी) बसली होती. एक बुटकी बाई उठली आणि तडक माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ढिवरांच्या शेवंताबाई.

"पाच फूट सोडलं त राह्यलं काय तलावात?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं.

"आन् मासोळी?"

"मासोळी?"

"पानकाळ्यात बीज सोडलं आमी. बोटाएवढी झाली आता. उन्हाळ्यापर्यंत वाढते तवा एकवीस घरं खातेत. तुमच्या मशीनले मासोळी माहीत नाई का?"

"मला कुणी सांगितलं नव्हतं."

"तुमी पुसलं का कोणाले?"

नव्हतं पुसलं. पुण्यात बसून मी तलाव म्हणजे एक आकडा धरला होता. धानाला पाणी कमी पडत असेल तर असेल तेवढं सगळं सोडा, तळाची मर्यादा शून्य. तलावात कुणी राहत असेल हे मला सुचलंच नव्हतं.

तेव्हा कुठे सोमाभाऊंनी तोंड उघडलं. पाणी सुटायच्या आधी सारं गाव पाळीवर बसतं. ढिवरांतली सगळ्यात बुटकी बाई पायऱ्यांवरून तलावात उतरते आणि खांबाला धरून, दम कोंडून तळाशी उभी राहते. तिच्या कमरेपर्यंतचं पाणी मासोळीचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या वरचं धानाचं. सध्या बुटकी म्हणजे शेवंताबाई, आणि त्यांची कंबर तीन फुटांवर.

"मशीन जेवढं सांगू तेवढं सारंच सोडून राह्यली होती," सोमाभाऊ म्हणाले. "मंग मी तिले मासोळीचं पाणी सांगतच नाई. धानाचं तेवढं सांगतो."

पुण्यात ज्याचे पेढे वाटले ते यश या माणसाच्या वजाबाकीचं होतं. मला इतकी लाज वाटली की पाण्यातून बाहेर यायचंही सुचेना.

साहेब मात्र घड्याळ बघत होते. "चला सोमाभाऊ, काढा डाट. खालचा पण."

वरच्या डाटानं दोन फूटच उतरतं. पाच फुटांसाठी बुडी मारून तळाचा डाट काढावा लागतो, आणि तो एकदा निघाला की पाण्याच्या जोरापुढे परत बसत नाही. मासोळी पाण्याबरोबर बांध्यांत वाहून जाते. हे मला शेवंताबाईंनी एका दमात सांगितलं.

"साहेब, थांबवा," मी म्हणालो. "खरा आकडा दोन आहे."

"आत्ता तर तुम्हीच पाच केला."

"मी चुकलो. मला खूण वाचता येत नाही."

त्यांनी खांबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "असेल. पण माझ्याजवळ पाचचा हुकूम आहे. मशीनवर दुसरा येऊ द्या, मी थांबवतो."

आकडा खोडायची सोय मी ठेवलीच नव्हती, गावकऱ्यांनी चाळे करू नयेत म्हणून. नवा आकडाच पाठवायला हवा होता. दोन लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'संपर्क नाही'. साहेब मघाशी जीपजवळ होते. आता सावलीसाठी मोहाच्या आड गेले होते. शंभर फूट ही कंपनीच्या कागदावरची गोष्ट, ओल्या पानांतून वीस फूट गेलं तरी पुष्कळ.

मग मी धावलो. पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, यंत्र डोक्यावर धरलेलं, पाळीवरून इकडे, मग तिकडे, चिखलात एकदा आडवा. साहेबांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो तर ते म्हणाले, "जीपमधे सीटखाली ठेवलं आहे ना माझं यंत्र." पुन्हा जीपकडे धावलो.

तिकडे सोमाभाऊ डाट काढायची तयारी करत होते. त्यांच्याइतकी सावकाश तयारी मी आयुष्यात पाहिली नाही. सदरा काढला, घडी घातली. घडी मनासारखी झाली नाही म्हणून उलगडून परत घातली. धोतर खोचलं. विडी पेटवली, ती संपेपर्यंत ओढली. साहेब ओरडले तेव्हा पाण्याला नमस्कार केला, तोही सावकाश. पाळीवरचा एकही माणूस हसला नाही. शेवंताबाई तळाच्या डाटावरच्या दगडावर, गळाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

सोमाभाऊंनी बुडी मारली आणि जीपमधलं यंत्र वाजलं. मी ते उचलून साहेबांसमोर धरलं. "दोन फूट सोडा."

"बघा," साहेब समाधानानं म्हणाले, "सिस्टीम आहे म्हणून चूक सापडली." आणि पाण्याकडे तोंड करून हाक मारली, "वरचाच काढा."

सोमाभाऊ वर आले. हात रिकामे होते. शेवंताबाई पाण्यातून बाहेर आल्या, पदर पिळला आणि घरी गेल्या. त्या दिवशी मला जेवण त्यांच्याकडेच मिळालं. भात, लाखोळीची डाळ, वर बचकभर सांबार (कोथिंबिरीला इकडे सांबार म्हणतात). मासोळी नव्हती. "ते उन्हाळ्यात," त्या म्हणाल्या. "तवा या."

परतीच्या एसटीत मी अहवाल लिहायला घेतला. प्रवासात माणूस नवे प्रदेश बघतो असं म्हणतात. मी माझं अडाणीपण बघून आलो होतो, आणि ते लिहून टाकायची मला घाई झाली होती. तीन फूट मासोळीचे, हे प्रोग्राममधे घाला, असं लिहिलं. मग वाटलं, पुढच्या गावाची कंबर वेगळी असेल. शेवटी एकच शिफारस ठेवली: आकडा भरणारा माणूस बदलू नये, आणि त्यानं भरलेला आकडा तपासू नये.

पुण्यात आमच्या मालकांनी ती ओळ खोडली. खांबाला आता आपोआप खोली मोजणारा यंत्राचा डोळा बसणार होता. माणूस लागणारच नव्हता आणि आकडा कधी चुकणार नव्हता. मी कारणं देऊन ती ओळ परत लिहिली. ती त्यांनी परत खोडली, आणि म्हणाले की तू चांगला प्रोग्रामर आहेस, कशाला भावनेत पडतोस. तिसऱ्यांदा मी ती लिहिली नाही. त्या डोळ्याचा प्रोग्राम मीच लिहिला, आणि उन्हाळ्यात कुरखेड्याला गेलो नाही.