पूल सोडायचा न्हाई

आमच्या तालुक्याचं रक्षक दल म्हणजे काही पगारी फौज नव्हे. कुणी सेलूच्या मोंढ्यात हमाली करतो, कुणाचं किराण्याचं दुकान, कुणाची कोरडवाहू शेती. बोलावणं आलं की सगळे खाकी चढवतात, हातात काठी घेतात आणि सांगतील तिथं उभे राहतात. आम्ही बायकाही त्यात होतो. खाकी आम्हालाही होती, काठीही होती, पण काठी धरायचं काम आमच्या वाट्याला कधी आलंच नाही. निवडणुकीचा बंदोबस्त असो की जत्रेचा, पुरुष रस्त्यावर आणि आम्ही मागं चुलीवर, पन्नास माणसांच्या भाकऱ्या थापत. त्यांनी खाल्लं की उरलंसुरलं आम्ही खायचं. वर्दीला पिठाचे डाग घेऊन घरी जायचं आणि घरी पुन्हा चूल आहेच.

त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर बघावं तेव्हा विमानंच विमानं. 'परभणीला कोण येतंय बाँब टाकायला' असं म्हणत म्हणत लोकांनी तेलाचे डबे भरून ठेवले. मग वरून हुकूम आला की रेल्वेचे पूल राखायचे, लष्कराच्या गाड्या जाणार आहेत.

मैदानात कामं वाटून दिली. स्टेशनवर पुरुषांचा तळ, नदीच्या पुलावर पुरुषांची चौकी. आणि शेवटी आमच्या दलाचे साहेब म्हणाले, "महिला पथक, स्वयंपाक."

माझं डोकंच फिरलं. ओळीतून पुढं झाले आणि म्हणाले, "साहेब, पूल आमाला द्या."

जो हशा पिकला! सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? आमचे हे. नवरा माझा त्याच दलात, पुरुषांच्या ओळीत दुसरा, आणि पोट धरून हसायला लागला होता. साहेब हसले नाहीत. माझ्याकडं बघून म्हणाले, "घ्या पूल. पण लढाई संपेपर्यंत एकीनं जरी चौकी सोडली, तर पूल पुरुषांकडं आणि तुम्ही चुलीकडं. कायमच्या. पुन्हा मागायचं नाही."

आम्ही सहा जणी निघालो. आमची म्होरकी मावशी, सेलूच्या बाजारात भाजी विकणारी. तिनं हाक मारली तर गाडीचा भोंगा ऐकू येऊ नये, असा तिचा गळा. पुलाच्या टोकाला रेल्वेच्या कामगारांची एक जुनी खोली होती, तिथं बाडबिस्तरा टाकला. घरून आणलेल्या भाकऱ्या पहिल्या दिवशीच संपल्या. शिधा तळावर येणार आणि तिथून आमचा हिस्सा पुलावर यायचा, असं ठरलं होतं. दुपार टळली तरी कुणी फिरकलं नाही. मी यांना फोन लावला.

"अहो, आमचा शिधा कधी पाठवायलाव?"

"शिधा हाय की इथंच," हे म्हणाले. "या, करा, खा. आमाला बी वाढा." मागून सगळ्यांचं खिदळणं ऐकू आलं.

तेव्हा डाव ध्यानात आला. त्यांच्याकडं ज्वारीच्या पिठाचं पोतं होतं, डाळ होती, तेल होतं, पण भाकरी करता येणारं माणूस एक नव्हतं. आमच्याकडं सहा सुगरणी होत्या, पण चिमूटभर पीठ नव्हतं. आम्ही भुकेनं तळावर जाणार, चौकी सुटणार, आणि यांना फुकटात स्वयंपाकिणी मिळणार. साहेबांना सांगावं तर 'पहिल्याच दिवशी रडगाणं लावलं' असं झालं असतं. दुकान कोसभर लांब, तिथं जायचं तर पूल सोडावा लागणार.

मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मरू दे त्यांचं पीठ. एवढं रान पडलंय समोर."

आता मे महिन्यात रानात असतंय काय? काळीभोर नांगरट आणि ऊन. पण नदीच्या डबक्याकाठी घोळाची भाजी होती, एका आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या होत्या, आणि पुलाला लागूनच, चौकीच्या नजरेतल्या एका शेतातला उन्हाळी भुईमूग नुकताच उपटून नेला होता. उपटताना तुटलेल्या शेंगा मातीत राहतात. त्या कुणी वेचून नेल्या तर मालक ना म्हणत नाही. त्यालाच आमच्याकडं सरवा म्हणतात. दोघी पुलावर ठेवल्या आणि चौघी शेतात उतरलो, अंगावर खाकी, डोक्याला टोपी, आणि उकिडव्या बसून काठीच्या टोकानं ढेकळं उकरायला लागलो. लहानपणी मी सरवा वेचलेला होता. पण वर्दीत? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लाजायलीस काय, नवरी हाईस का?" मावशी खेकसली. "उकर मुकाट्यानं."

तेवढ्यात बांधावरून आवाज आला, "कोण हाय गं तिकडं?"

शेताचा मालक होता. म्हातारा लिंगायत, गळ्यात लिंग, हातात आमच्यापेक्षा जाड काठी. जवळ आला, आमच्या टोप्या बघितल्या, रुमालातल्या मातकट शेंगा बघितल्या. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "बाबा, पुलावर पहारा हाय आमचा. शिधा आला न्हाई."

म्हातारा म्हणाला, "माझा बाप सांगायचा, वर्दीवाले आले की खळ्यावरची रास उचलून न्यायचे. आन् तुमी वर्दी घालून सरवा वेचायलाव?" त्याला हसू आवरेना. "वेचा बायांनो, वेचा. सगळं रान तुमचं हाय." आणि संध्याकाळी त्यानं आपण होऊन एक जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, मीठ आणि काडीपेटी आणून दिली. घरून भाकरी आणतो म्हणाला, पण त्याच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळलेली. मावशीनं त्याला हात जोडून माघारी पाठवलं.

मग काय थाट! सकाळी भाजलेल्या शेंगा, दुपारी बिनतेलाची घोळाची भाजी, संध्याकाळी कैरी आणि मीठ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेंगा खाऊन पोटं अशी बिघडली की मावशीनं "सावधान!" म्हटलं की कुणाचं ना कुणाचं पोट आधी जबाब द्यायचं. हसून हसून पुरेवाट. ऊन असं की रुळावर हात टेकवत नव्हता. ओठ फुटले, पायाला फोड आले, पण चौकीवर कायम दोघी ताठ उभ्या.

तिकडं तळावर काय चाललंय ते फोनवरून कळायचंच. एकदा यांचा फोन आला, हळू आवाजात. "ए, ऐक की. भाकरी तव्याला चिकटायलीय. काय करू?"

"तवा खा," म्हटलं आणि फोन ठेवला. पुलावर मावशीनं टाळी दिली.

असे दिवस गेले. एका दुपारी लष्कराची गाडी सिग्नल मिळेना म्हणून पुलाच्या अलीकडं थांबली. ताडपत्रीखाली झाकलेल्या तोफा आणि डब्यातून वाकून बघणारी पोरं, काही तर माझ्या भाच्याच्या वयाची. एक जण खाली उतरून म्हणाला, "दीदी, पानी मिलेगा?" आम्ही घागर दिली. पाणी पिता पिता त्याची नजर पातेल्यावर गेली. त्यात नुकत्याच भाजलेल्या शेंगा होत्या. आमचं त्या दिवसाचं सगळं खाणं तेवढंच, कारण शेत आम्ही झाडून वेचलं होतं, तिथं आता एक शेंग उरली नव्हती. मी मोडक्या हिंदीत विचारलं, जेवण झालं का. तो म्हणाला, कालपासून कोरडी बिस्किटंच चाललीत.

मावशीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. पातेलं उचललं आणि डब्यात वर दिलं. शेंगा हातोहात वाटल्या गेल्या. त्यातल्या एकानं विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, "पूल हमारा है. हम राखते हैं."

सिग्नल मिळाला, गाडी हलली. त्या पोरानं आत काहीतरी सांगितलं असावं. दारादारात जवान उभे राहिले आणि पुलावरून जाताना त्यांनी आम्हाला कडक सलाम ठोकला. डब्यामागून डबा. आम्ही सहा जणी काठ्या टेकून ताठ उभ्या, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. उभ्या जन्मात मला कुणी सलाम केला नव्हता हो!

पण सलामानं पोट भरत नाही. दिवस कलायला लागला तशी आमच्यातली सगळ्यात धाकटी मटकन खाली बसली. तिचे डोळे फिरायला लागले होते. "मी जाते तळावर," ती म्हणाली. "माझ्यानं न्हाई व्हायचं आता." तिला कोणत्या तोंडानं रागवू? तिच्या लेकराला आई धडधाकट परत हवी होती. मी मनात म्हटलं, तिला एकटीला कशाला बोल लागू द्यायचा, मीच जाते, मीच हरले म्हणून सांगते. पायात चप्पल घातली.

तेवढ्यात मावशी ओरडली, "अगं, रुळाकडं बग!"

स्टेशनच्या बाजूनं एक रांग चालत येत होती. सगळ्यात पुढं एक माणूस, डोक्यावर पोतं, घामानं निथळलेला. मागं कुणाच्या हातात तेलाचा डबा, कुणाच्या काखेत तवा. पोतेवाला जवळ आला तसा ओळखू आला. आमचे हे.

मी काठी आडवी धरली. "थांबा! कोण हाय?"

"अगं, मी!"

"मी कोण?"

"तुझा नवरा!"

"पुलावर नवऱ्याला परवानगी न्हाई. काम काय ते सांगा."

मागची रांग खाली बघायला लागली. यांची बोटं भाजून लाल झाली होती, गालफडं बसली होती. एवढ्या दिवसांत खिचडी आणि करपलेलं पीठ, दुसरं काही पोटात नव्हतं. हे पोतं खाली ठेवून हळूच म्हणाले, "भूक लागलीय. चुकलंच आमचं. हे घ्या तुमचं पीठ."

"पीठ आलं, बरं झालं," मी म्हणाले. "पण आमी पहाऱ्यावर हाव. थापा तुमी, आमी सांगतो."

मावशी गरजली, "पूल आमचा, चूल तुमची! पेटवा!"

आधी पिठाची पेज करून धाकटीला पाजली. मग पुलावरून जे शिक्षण सुरू झालं! "पाणी कढत घ्या! मळा, अजून मळा, घाबरायलाव कशाला? कड फाटायलीय, बोटं ओली करा!" दहा बाप्ये चुलीभोवती घामाघूम, आणि वर काठी टेकून पाच बायका, धाकटी तेवढी सावलीत बसलेली. नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली. साहेब उतरले, चुलीकडं बघितलं, पुलाकडं बघितलं. विचारलं, "पहारा कुणाचा आहे?"

मी तोंड उघडायच्या आत हे उभे राहिले, पिठाचे हात तसेच बाजूला धरून. "बायांचा हाय, साहेब. त्यांनी पूल सोडला न्हाई. आमीच तळ सोडून आलाव."

साहेबांनी त्यांना काय सुनावलं ते सांगत नाही. माझाच नवरा आहे. मला मात्र एवढंच म्हणाले, "पूल तुमचा."

पहिली भाकरी तव्यावरून उतरली. रांगेतल्या एकानं हात पुढं केला तर यांनी त्याच्या हातावर चापट मारली. भाकरी घेऊन हे पुलाच्या कठड्यापाशी आले आणि माझ्यापुढं धरली. "आदी पुलावर," म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात मी यांच्या आधी कधी जेवले नव्हते. भाकरी एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची. काठी काखेत धरून मी ती उभ्यानंच सगळी खाल्ली. हे समोर उभे राहून बघत होते.

मी हात पुढं केला. "आणखी एक आणा."