शेठ नाही म्हणाले

मनीषनगरमधल्या माझ्या घरापासून वाडीच्या गोदामापर्यंत स्कूटरवर पाऊण तास लागतो. त्या पाऊण तासात ही गोष्ट मी कितीतरी वेळा सांगितली आहे — हेल्मेटच्या आत, स्वतःलाच. बाहेर एकदाही नाही. बायकोला नाही. ज्या दोन माणसांची ती गोष्ट आहे त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगायला बसलो आहे, आणि तरी बघा — सुरुवात कुठून करावी तेच सुचत नाही.

नोकरीपासून करतो. साबण, बिस्किटं, चहा, टूथपेस्ट असा माल दुकानदारांना पोचवणाऱ्या एका कंपनीचा मी गोदाम मॅनेजर आहे. गोदाम वाडीत, अमरावती रोडला. ऑफिस शहरात, सदरला. शेठ सदरला बसतात, वीस-बावीस हमाल वाडीत राबतात, आणि मधे मी. शेठ गोदामात वर्षातून एकदाच येतात, खंडेनवमीला. त्या दिवशी हातगाड्या धुवून पुसून रांगेत लावतात, वजनकाट्याला झेंडूचा हार घालतात, शेठ नारळ फोडतात, प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवतात आणि तासाभरात निघतात. बाकी वर्षभर वाडीचं म्हणणं सदरला आणि सदरचं वाडीला मीच नेतो.

तुम्ही कधी असे मधले माणूस झाला आहात? झाला असाल तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. सकाळी स्कूटर लावत नाही तोच कोणीतरी समोर उभा. पंखा त्याच्याकडे फिरवलेला नाही. त्याचं आणि याचं डब्यावरून भांडण झालं आहे, त्यामुळे एका ट्रकवर दोघं चढणार नाहीत. एकाच तिथीला पाच जणांना लग्नाला जायचं आहे. ड्रेसच्या यादीत याचं नाव खाली लिहिलं, म्हणून हा गाल फुगवून बसला आहे. आणि तेवढ्यात सदरचा फोन — गाडी का निघाली नाही? माणसं का कमी? कालच सांगितलं होतं ना? खालच्यांना वाटतं मी शेठचा, शेठना वाटतं मी खालच्यांचा. दिवसभर दोन्हीकडून ऐकायचं आणि दोन्हीकडे गोड बोलायचं. किती दिवस? किती वर्षं?

सुरुवातीला मी विचारत असे, हे खरं आहे. पहिल्याच वर्षी हमालांसाठी हातमोजे मागायला सदरला गेलो होतो. शेठ हसून म्हणाले, "वानखेडे, तुम्ही माझे मॅनेजर आहात का त्यांचे वकील?" ते वाक्य मला लागलं. पुढे कित्येकदा ते मी स्वतःला समर्थन म्हणून ऐकवलं. त्याच आठवड्यात हातमोजे आले होते, ते मात्र मी सोयीनं विसरत गेलो.

त्यानंतर मी जाणं कमी केलं. मग बंदच केलं. एक युक्ती सापडली होती — युक्ती कसली, खोटेपणाच तो. कोणी काही मागितलं की दोन दिवस थांबायचं, तोंड जरा उतरवायचं आणि म्हणायचं, "विचारलं मी. शेठ नाही म्हणाले." बस. विषय संपला. सदरला बसलेल्या माणसाशी वाडीतला हमाल काय भांडणार? उलट लोक मलाच समजून घ्यायचे. जाऊ द्या साहेब, तुम्ही तरी काय करान, असं म्हणून चहा आणून द्यायचे. आणि मी तो प्यायचो.

पंखा, सुट्टी, पाण्याचा माठ — इतक्यावरच हे राहिलं असतं तर मी कदाचित आज सांगायला बसलो नसतो. आता शालिकचं सांगतो.

शालिक आमचा मुकादम, म्हणजे हमालांच्या टोळीचा म्होरक्या. माझ्याही आधीपासून गोदामात. दहावी झालेला, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. पेट्यांची थप्पी नुसती पाहून सांगायचा, यात दोन कमी आहेत. मोजावं तर दोन कमी. खोक्याला हात लावून म्हणायचा, हा वरून कोरडा दिसते पण खालून भिजून आला. फोडावा तर तसंच. एकदा मी चंद्रपूरच्या गाडीत भलताच माल चढवायची चिठ्ठी दिली होती. त्यानं गाडी निघण्याआधी काही न बोलता माल बदलून घेतला, चिठ्ठी माझ्या टेबलावर उलटी ठेवली आणि कामाला लागला. कोणाला सांगितलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं, नाही का? मला राग आला होता. त्याला माझी चूक माहीत आहे आणि तो गप्प आहे — हे मला रोज त्याच्याकडे पाहिलं की आठवायचं.

मालाची चढउतार करून करून शालिकचा गुडघा गेला. डॉक्टरनं वजन उचलायला मनाई केली. आणि नेमकी त्याच वर्षी आमच्याकडे चेकरची जागा रिकामी होती.

चेकर म्हणजे दारात टेबल टाकून बसणारा, आल्या-गेल्या मालाची तपासणी करून लिहून घेणारा माणूस. त्या जागेवर माणूस टिकतच नव्हता. एक पदवीधर आला, त्याला आत मोबाईलला रेंज मिळेना म्हणून गेला. दुसऱ्याची कुठल्याशा परीक्षेत निवड झाली. तिसऱ्यानं व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही, तोच राजीनामा. शेठ वैतागले होते, मीही वैतागलो होतो. माणसं का टिकत नाहीत, हे शोधायला त्यांनी एका ट्रेनरला बोलावलं. त्यानं आम्हा सगळ्यांना सदरच्या ऑफिसात बसवून मोठ्या कागदांवर कारणं लिहायला लावली. मी ठळक अक्षरात लिहिलं, 'नव्या मुलांना कष्ट नकोत.' ट्रेनरनं तो कागद वर धरून दाखवला. मला टाळ्या मिळाल्या.

त्याच आठवड्यात शालिक माझ्याकडे आला. बसला नाही, दाराला टेकून उभा राहिला. "साहेब, चेकरच्या जागेसाठी माह्यं नाव टाकून पाहा ना शेठजीकडे. घुटना आता साथ नाही देऊन राहिला." इतकंच.

जागा समोर होती, माणूस समोर होता. सदरला एक फोन करायचा होता. शेठ नाही म्हणाले असते, असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. हे नीट ऐका, कारण इतकी वर्षं मी इथेच अडखळतो आहे. ते हो म्हणतील म्हणूनच मी विचारलं नाही.

कारण चेकर रोज सकाळी साडेनऊला शेठना थेट फोन करतो. आदल्या दिवशीचा माल सांगतो, काय कमी, काय फुटलं. शालिक त्या फोनवर बसला असता तर माझ्या चुका सदरला पोचायला किती दिवस लागले असते? आणि चुकांचं सोडा. बोलता बोलता एखाद्या दिवशी तो सहज म्हणाला असता, शेठजी, माठाले तुम्ही नाही काहून म्हटलं होतं? आणि शेठ म्हणाले असते, कोणता माठ?

दोन दिवसांनी मी तोंड उतरवून सांगितलं, शेठ नाही म्हणाले. शालिक मान हलवून गेला. महिन्यानं परत आला. परत तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याचा पाय चांगलाच ओढला जात होता. म्हणाला, मीच एकदा सदरला जाऊन पाय दाखवून येतो, शेठजी पाहतील तर ऐकतील.

मी घाबरलो. आणि घाबरून जे केलं तो माझा खरा गुन्हा. त्याला थांबवायला मी शेठच्या तोंडी एक वाक्य घातलं. म्हटलं, "शालिक, तुला सांगणार नव्हतो. शेठ म्हणाले, हमालाला खुर्ची दिली तर उद्या खुर्चीलाही घामाचा वास येईल."

असं शेठ कधीच बोलले नव्हते. आयुष्यात नाहीत. हे मी बनवलं, तिथल्या तिथे, बोलता बोलता. इतकं नेमकं, इतकं घाण वाक्य माझ्यात कुठून आलं? बाहेरून आलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

शालिकनं खांद्यावरचा गमछा सारखा केला. मग म्हणाला, "बरं झालं सांगतलं साहेब." संध्याकाळी त्यानं हातमोजे काढून हातगाडीवर ठेवले, टोळीतल्या माणसांना काय बोलला कोण जाणे, आणि दुसऱ्या दिवसापासून आला नाही. काही दिवसांनी कळलं, आमच्याच रस्त्यावर, चार गोदामं सोडून, दुसऱ्याकडे लागला. मुकादम म्हणून नाही. नवा माणूस म्हणून, साधा हमाल. त्याच गुडघ्यावर.

तेव्हाही वेळ गेली नव्हती. पुढच्याच महिन्यात खंडेनवमी आली. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि रांगेकडे पाहत विचारलं, शालिक दिसत नाही? मी म्हणालो, काटोलकडे गावी गेला, घरची शेती पाहतो म्हणाला. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. शेठनी पेढ्यांचा रिकामा डबा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "मी त्याला चेकर करावं म्हणत होतो, वानखेडे. तुम्हाला विचारायचं राहून गेलं. एवढी वर्षं माझ्याकडे होता आणि न सांगता गेला?"

चारशे पावलांवर तो पेट्या उचलत होता. शेठची गाडी बाहेर उभी होती. मी म्हणालो, "आजकाल माणसांचं असंच आहे, शेठजी."

तेव्हापासून शेठच्या आणि शालिकच्या मनात एकमेकांबद्दल जे आहे ते मी पेरलेलं आहे. शेठ नव्या माणसांना शालिकचं उदाहरण देतात — इतका जीव लावला आणि तो असा गेला, म्हणून मी आता कोणाला जवळ करत नाही. खरंच करत नाहीत. पूर्वी कामगारांच्या घरच्यांची चौकशी करायचे, तीही थांबली. माणसं अजूनही टिकत नाहीत. चेकरची जागा मधे दोनदा भरली, दोनदा रिकामी झाली. दर वेळी शेठ मला विचारतात, काय चुकतं आहे आपलं? आणि मी डोकं खाजवतो.

शालिक रस्त्यात भेटतो. मी नजर चुकवतो, तो हाक मारतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गोदामात आला. सगळ्या जुन्या सोबत्यांना दिली, मला दिली. मी विचारलं, आणि शेठना? का विचारलं देव जाणे. तो म्हणाला, "त्या माणसाले नाही."

मी लग्नाला गेलो. न जाणं जास्त दिसलं असतं, म्हणून गेलो. भर दुपारी वाडीतल्याच एका सभागृहात मांडव होता, कूलर जोरात चालू होते. मला पाहून शालिक पाय ओढत गर्दीतून पुढे आला, हाताला धरून मला नव्या जावयाकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "हे आमचे वानखेडे साहेब. माह्यासाठी शेठसंगं तीन खेपा भांडले हे. आपल्यासाठी एवढं कोण करते?"

जावई वाकून माझ्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला. आमच्याभोवती शालिकचे भाऊ होते, बायको होती, आमच्या गोदामातले सहा-सात जण होते. सगळे माझ्याकडे चांगल्या नजरेनं पाहत होते. बोलायला तिथे जागा होती, माणसं होती, वेळ होता. मी पंगतीत जाऊन बसलो. शालिक स्वतः वाढायला आला, आणि तो जे जे वाढत गेला ते ते मी खाल्लं.