लाल गाडी की पांढरी

माझी लेक सहा वर्षांची असताना तिला दम्याचे झटके येऊ लागले. तेव्हा मी कुंभिवलीजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करत होते आणि आम्ही राहत होतो कर्जतला. हे कर्जतमध्येच बँकेत होते, पण त्यांना आठवड्यातून तीन-चार दिवस कर्जवसुलीसाठी गावोगाव फिरावं लागे. घरी लेकीजवळ सासूबाई असायच्या.

सकाळी सातला कामाची पाळी सुरू व्हायची. मी खोपोलीपर्यंत रेल्वेने जायची आणि पुढे एसटी नाहीतर जो मिळेल तो टेंपो. सगळं जमून आलं तर सव्वा तास, नाही जमलं तर दोन. कारखान्याच्या ऑफिसात एक फोन होता. त्याची घंटा वाजली की प्रयोगशाळेत माझ्या हातातली काचेची नळी थांबायची. फोन दुसऱ्या कुणाचा निघाला की मी पुन्हा मोजायला लागायची, आणि बहुतेक वेळा पहिल्यापासून, कारण आकडा विसरलेला असायचा.

गाडी घ्यायचं आम्ही ठरवलं ते यासाठी. निदान मी तरी यासाठी. ह्यांचं कारण वेगळं होतं. ह्यांना वेगाचं वेड होतं. कॉलेजात असताना मित्राच्या मोटारसायकलवरून पडून मोडलेलं मनगट ते अजून कौतुकाने दाखवायचे. परदेशी मोटारींची जुनी मासिकं रद्दीतून आणून ठेवायचे. आम्हा दोघांनाही जलद गाडीच हवी होती. त्यांना आवडत होती म्हणून, मला भीती वाटत होती म्हणून. एकाच गोष्टीवर एकमत झालं की कारणं कुणी विचारत नाही. आम्हीही विचारली नाहीत.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ती नवी छोटी गाडी रस्त्यावर दिसायला लागली होती. पाठीमागे वर उघडणारं दार, डबीएवढी, पांढरी. आम्ही नाव नोंदवलं होतं आणि आमचा नंबर लागला होता. त्याच सुमारास ह्यांना खालापूरच्या एका गॅरेजमध्ये लाल गाडी दिसली.

ती विलायती होती. दोन दारांची, ठेंगणी, जमिनीला चिकटून चालणारी. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने शर्यतीत पळवण्यासाठी तिच्यात मोठं इंजिन बसवून घेतलं होतं. आता त्याची हौस संपली होती आणि गाडी विकायची म्हणून त्याने ती गॅरेजवाल्याकडे ठेवली होती. हे पहिल्या दिवशी तिला बघून घरी आले तेव्हा जेवताना आमटी वाढून घ्यायचीही शुद्ध नव्हती त्यांना.

"अगं, तुझ्या कारखान्यापासून घरापर्यंत पंचवीस मिनिटं," ते म्हणाले. "पंचवीस."

त्यांनी तो आकडा मुद्दाम सांगितला असेल का, हे मी नंतर खूपदा मनात घोळवलं. पण तो बरोबर जागी लागला. पांढरीला चाळीस लागतील असं आम्ही धरलं होतं. पंधरा मिनिटांत लेकीच्या छातीत काय काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. ओठ निळे व्हायला त्याहून कमी वेळ लागतो.

एका रविवारी आम्ही लाल गाडी चालवून बघायला गेलो. लेकीला सासूबाईंकडे ठेवलं. निघताना तिच्या पाठीला कान लावून ऐकलं, शिट्टीसारखा आवाज नव्हता. तरी रस्ताभर तो माझ्या कानात होताच.

गॅरेजवाला खालापूरच्याच एका भातशेतीवाल्याच्या घरातला. चाळिशीचा, कमी बोलणारा, हात काळे आणि शर्ट मात्र स्वच्छ. मला गाडी शिकवली होती ती त्यानेच, दोन महिने, आपल्या खटाऱ्यावर. तो म्हणाला, "सपाटीवर काय कळनार? घाटात चला. मी मागं बसतो."

खोपोलीहून वर हे चालवत होते. शिंगरोबाच्या देवळापाशी सगळे ट्रकवाले करतात तसं त्यांनीही नाणं टाकलं, पण गाडी न थांबवता, हसत. चढावर ती गाडी खरोखर वेडी होती. ट्रकमागून ट्रक मागे पडत होते. वळणावर माझं डोकं काचेला टेकायचं. ह्यांच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर एवढा आनंद दोनदाच पाहिला असेल. मी मात्र घड्याळात बघत होते. मनात त्रैराशिक मांडत होते, इतक्या वेळात एवढी चढण, तर कर्जतचा रस्ता किती वेळात.

वर पोचल्यावर ह्यांनी मला स्टिअरिंगच्या चाकाशी बसवलं. "रोज चालवायची तुला आहे."

मागून गॅरेजवाला म्हणाला, "वैनी, दुसऱ्या गिअरात उतरवा. तिसऱ्यात टाकू नका. इंजिन नवं हाय, पन ब्रेक जुनंच हायेत हिचं. तापतात."

मी हो म्हटलं. पहिली तीन-चार वळणं मी दुसऱ्यातच उतरले. मग घड्याळाकडे नजर गेली. मी मनाशी म्हटलं, लेक घरी गुदमरते आहे आणि मला निरोप आलाय, तर अशीच चालवशील का? आणि मी तिसरा टाकला. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी डिवचलंही नव्हतं. हे सांगायला मला आजही जड जातं.

गाडी मोकळी सुटली. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबायचा, वळणावर सोडायचा, पुन्हा दाबायचा. पाच-सहा वळणांनंतर जळक्या रबरासारखा वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. तो ट्रक गोण्यांनी भरलेला होता, हळूहळू उतरत होता. मी ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी मात्र होती तशीच चालली होती. मी पुन्हा दाबला. पाय पार तळाला टेकला.

"लागत नाहीये," मी म्हणाले. इतक्या साध्या आवाजात की ह्यांना आधी कळलंच नाही.

"काय लागत नाहीये?"

"ब्रेक."

गॅरेजवाल्याला कळलं. तो दोन सीटांच्या मधून पुढे आला आणि हँडब्रेक ओढत ओरडला, "दुसरा टाका! दुसरा! डोंगराकडं घ्या!" गिअर जात नव्हता, नुसता खरखरत होता. ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून तो रेटला. इंजिन असं किंचाळलं की मी डोळे मिटले असते, पण मिटले नाहीत. ट्रकच्या मागच्या फळीवर लिहिलेली अक्षरं मोठी होत होती. डाव्या हाताला, डोंगराच्या कडेशी, रस्त्याच्या कामासाठी खडीचा ढीग टाकलेला होता. मी चाक तिकडे वळवलं. गाडी खडीत घुसली, दगड पोटाखाली खणखणले आणि ती तिरकी होऊन थांबली.

ट्रक आपल्या चालीने खाली निघून गेला, त्याला काही कळलंसुद्धा नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आम्ही दोघंही या गाडीत आहोत. दोघंही. घरी लेक आणि सासूबाई, आणि आम्ही दोघं इथे.

हे हसायला लागले. घाबरून हसत होते, हे मला आज समजतं. तेव्हा मात्र मी संतापाने दार उघडून खाली उतरले आणि खडीत बसून राहिले.

"ब्रेक बदलता येतात गं," ते जवळ येऊन म्हणाले. "पुढे नवे बसवून घेऊ. गाडीत खोट नाही."

मी गॅरेजवाल्याकडे बघितलं. तो चाकापाशी उकिडवा बसला होता, हात न लावता, लांबूनच उष्णता अजमावत. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक बसवीन मी. चांगलं बसवीन. पन वैनींना तिसऱ्यात टाकू नका म्हनून सांगितलेलं. त्यांनी टाकला." मग माझ्याकडे वळून, रागावून नाही, पण स्पष्ट म्हणाला, "तुमी घाईत गाडी चालवनार, वैनी. तुमच्या पोटात घाई हाय. अशा मानसाला पळनारी गाडी नको, थांबनारी पायजे."

ह्यांना ते आवडलं नाही. गॅरेजवाल्याने गिऱ्हाइकाच्या बायकोला शहाणपण शिकवावं, तेही स्वतःकडची गाडी विकायची असताना! मला मात्र रडू आलं. माझ्या पोटातली घाई आजवर कुणी ओळखली नव्हती.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातल्या एका अधिकाऱ्याने आपली पांढरी गाडी मला दुपारच्या सुट्टीत चालवायला दिली. गॅरेजवाला सायकलवरून आला. कारखान्यामागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने चुन्याची रेघ मारली आणि म्हणाला, "जोरात या. रेघंवर ब्रेक मारा. कुठं थांबते ते बघू." मी सात-आठ वेळा तसं केलं. गाडी हलकी होती, पत्र्याची वाटायची, पण ती दर वेळी जवळपास त्याच जागी थांबली. शेवटच्या खेपेला तो माझ्याऐवजी टायरकडे बघत मान हलवून म्हणाला, "हां. ही आयकते."

आम्ही पांढरी घेतली. ह्यांनी सही केली, पण दोन महिने तिच्यात बसताना ते दार जरा जोरातच आपटायचे. काड्यापेटी म्हणायचे तिला. हायवेवर ट्रक बाजूने गेला की ती खरोखर हलायची, आणि तेवढ्यापुरतं मलाही वाटायचं की आपण चुकलो. रात्री झोपताना मी त्या पंधरा मिनिटांचा हिशोब करायची. माझ्या सुरक्षिततेसाठी मी लेकीची पंधरा मिनिटं काढून घेतली होती, असं मला वाटायचं. हे मी ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग लाल घेऊ.

फोन आला तो दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यानंतर, साडेदहा वाजता. आमच्या शेजारच्या दुकानदाराचा. "वहिनी, पोरीला दम लागलाय. तुम्ही या."

मी निघाले. हायवेपर्यंत मला काही आठवत नाही. खोपोली ओलांडल्यावर मी काटा बघितला आणि पाय थोडा उचलला. पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. मोठ्याने स्वतःशी बोलत होते, "आधी पोच. आधी पोच." आणि पुढे रेल्वेचं फाटक बंद.

मालगाडी जायची होती. माझ्यापुढे एक बैलगाडी आणि दोन स्कूटर. मी हॉर्न वाजवला, तर गेटमनने नुसता हात वर केला. आठ मिनिटं मी तिथे उभी होते. लाल असती तरी इथेच उभी असती, हे डोक्यात आलं, पण त्याने काही बरं वाटलं नाही. मी चाकावर कपाळ टेकून डबे मोजले. छत्तीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

घराला कुलूप होतं. दुकानदाराने रस्त्यातूनच हात केला, "डॉक्टरांकडे, डॉक्टरांकडे."

दवाखान्यात बाकावर सासूबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर माझी लेक. तिचा चेहरा उतरला होता, केस घामाने चिकटले होते, पण ओठ गुलाबी होते. दंडाला कापूस लावलेला. शेजारी कडावचा दूधवाला उभा होता, जो रोज सकाळी आमच्याकडे रतीब घालायचा. सासूबाईंनी लेकीला उचलून रस्त्यावर आणलं तेव्हा तो रिकाम्या किटल्या घेऊन परत निघाला होता. त्याने किटल्या दुकानाच्या पायरीवर ठेवल्या आणि दोघींना आपल्या टेंपोत घालून आणलं.

"पाच मिन्टंबी नाय लागली," तो म्हणाला, जणू माझीच समजूत काढत होता. "आजीनं पोरीला सरळ धरून ठेवली व्हती. निजू नाय दिली."

सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मी काही इतके दिवस नुसती बसून नव्हते गं. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं काय करायचं ते." त्यांच्या आवाजात थोडा राग होता. तो योग्यच होता. फोनची घंटा ऐकून मी रोज धसकायची, पण त्या घरात एकट्या असताना त्यांचं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, तू कामावरून लवकर आलीस?" आणि माझ्या पदराला नाक पुसलं.

संध्याकाळी हे कशेळ्याहून वसुली करून परतले. सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग बाहेर जाऊन त्यांनी गाडीच्या चारही चाकांची हवा तपासली. पुढे कधी त्यांनी ते दार आपटलं नाही. लाल गाडी लोणावळ्याच्या कुणीतरी नेली, गॅरेजवाल्याने आधी ब्रेक बदलून मगच ती जाऊ दिली, असं कळलं.

लेकीचा दमा बाराव्या-तेराव्या वर्षी आपोआप कमी झाला. पांढरी गाडी मी नऊ वर्षं चालवली, आणि त्या नऊ वर्षांत एकही दिवस निश्चिंतपणे चालवली असं म्हणता येणार नाही. पण त्या दिवसानंतर कामावर निघताना मी सासूबाईंपाशी थांबून विचारायला लागले, "तुम्हाला काही हवंय का?" बहुतेक वेळा त्या नाही म्हणायच्या. एकदा मात्र म्हणाल्या, "हवंय. मला त्या गाडीतून जरा फिरवून आण."