किडा न मारणारं सोल्डरिंग स्टेशन

सोल्डरिंग स्टेशन, म्हणजे कथलाचे टाके मारायचं विजेचं यंत्र, घेताना लोक वॅट बघतात, तापमान बघतात, सुटी बिटं, म्हणजे तापणारी टोकं, मिळतात का ते बघतात. मी बघत होते की त्याच्यावर किडा मरेल का. ही अडचण एकाही व्हिडिओवाल्याला पडलेली नव्हती. खोकं उघडतानाच ते इतके भारावून जायचे की आतली वस्तू तापवून बघायला त्यांना वेळच उरायचा नाही.

मी खंडाळ्याची, फौजीची मुलगी. वडील फौजेच्या सिग्नल खात्यात, बिनतारी यंत्रांवर होते. त्यांनी मला पोळ्या लाटायच्या आधी सोल्डरिंग शिकवलं, आणि पोळ्या मला अजून येत नाहीत. लग्न करून आष्ट्याच्या जैन घरात आले. सांगलीतल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि घरी मागच्या सोप्यात टेबल टाकून दिवे लुकलुकवते, बझर वाजवते. सासूबाईंच्या मते हा नादच, पण दारूपेक्षा बरा.

त्यांना यंत्राशिवाय ऐकू येत नाही. यंत्र जुन्या घडणीचं, म्हणजे कमरेला खोचायची छोटी डबी आणि तिथून कानापर्यंत वायर. मे महिन्याच्या शेवटी डबीतलं वायरचं सॉकेट सुटलं. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल बंद झालं, कानात बसणारं नवं घ्या. तसलं त्यांनी पूर्वी एकदा वापरलं होतं, ते पिठाच्या डब्यात सापडलं. "ह्याच्यावर माझा कान बसलाय," त्या म्हणाल्या आणि विषय संपला. चातुर्मास तोंडावर आला होता. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनिमहाराज येणार, रोज सकाळी प्रवचन होणार, आणि त्यांना ते ऐकायचं होतं. डबी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "कर नीट."

मधल्या काळात मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. त्यांना ऐकू येत नाही म्हटल्यावर मी तोंड सोडलं. भाजी वाढताना, चेहऱ्यावर सुनेचं हसू ठेवून म्हणायचे, "म्हातारे, आता मीठ कमी म्हणालीस ना, तर हे पातेलं तुझ्या डोक्यावर पालथं घालीन." त्या मान डोलवायच्या. नवरा "अगं, जरा तरी" म्हणायचा आणि ताटात बघून हसायचा. पहिले पंधरा दिवस नुसती चैन होती.

मग त्यांनी मीठ कमी म्हणणंच सोडलं. पाहुणे आले की उठून आतल्या खोलीत जायला लागल्या. एकदा शेजारीण तासभर बोलत बसली आणि ह्या तासभर "व्हय, व्हय" करत राहिल्या, मधे तिने कुणीतरी गेल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा. मला ते बघवेना.

वडिलांचं जुनं सोल्डरिंग आयर्न काढलं. संध्याकाळी दिवा लावून ते तापत ठेवलं. पावसाळ्याचे दिवस, दिव्याला किडे, आणि त्यातली एक पाकोळी सरळ तापल्या टोकावर येऊन चिकटली. सासूबाई दारातच होत्या. "जीव गेला की गं तिचा!" दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास धरला. पाप माझं, उपवास त्यांचा. तेव्हापासून नियम झाला की जेवणासारखंच सोल्डरिंगही दिवस मावळायच्या आत.

रविवारी भर दुपारी त्याच आयर्नने एका मेलेल्या रेडिओवर हात बसवून बघितला. त्याला तापायला दहा मिनिटं लागायची, आणि एकदा तापलं की थांबणं ठाऊक नाही. बोर्डावरची तांब्याची पट्टीच सोलून निघाली. डबीत असं झालं असतं तर सासूबाईंचा कान कायमचा गेला असता. त्या दिवशी मी स्टेशन घ्यायचं ठरवलं.

मी सहाला घरी पोचते, सूर्यास्ताआधी सगळ्यांची जेवणं, म्हणजे उरतात पंधरा मिनिटं. झटपट तापणारं हवं, ठरलेल्या तापमानाला थांबणारं हवं, स्टँडवर ठेवलं की आपोआप निवणारं हवं. तापवायची तार बिटातच असलेलं एक स्वस्त स्टेशन मिळालं. पडदा एवढासा, बटणं खेळण्यातली, पण अर्थिंगसकट तीन पिनांची वायर होती आणि पंधरा सेकंदांत साडेतीनशे डिग्री. पाकोळीला विचार करायलाही सवड नाही.

आणि मग मी माहेरचं ज्ञान पाजळलं. वडील सांगायचे, काम सुरू करायच्या आधी टोकाला कानस मार, चकचकीत कर. त्यांचं टोक भरीव तांब्याचं होतं. मी नव्या बिटाला मन लावून कानस मारली. कथील लावायला गेले तर त्याचे गोळे होऊन घरंगळायला लागले. वरचा पातळ लेपच मी घासून काढला होता. फिजिक्सची मास्तरीण! सासूबाईंनी बिट हातात घेऊन बघितलं. "कल्हई खरवडलीस व्हय?" त्यांना न ऐकता कळलं, मला शिकून कळलं नव्हतं.

नवं बिट गुरुवारी आलं. शुक्रवारी सकाळी पहिलं प्रवचन.

घरी आले तेव्हा सहा वाजून गेले होते. जेवणाआधी टेबलाशी बसले. डबीतला सेल काढला. चपट्या तोंडाचं बिट बसवून तीनशेवीसवर लावलं. टोक फक्त ओल्या स्पंजावर पुसलं, कानस लांब ठेवली. सॉकेटच्या तीन पायांना एकेक टाका दिला, प्रत्येकी दोन सेकंद. बाहेर अजून लख्ख उजेड होता आणि एकही किडा मेला नव्हता.

सासूबाईंनी वायर खोचली, सेल घातला, आवाजाचं चाक फिरवलं. यंत्र एकदा कर्कश ओरडलं. मग त्यांनी मान वळवून कुकरची शिट्टी ऐकली. नवऱ्याचं खोकणं ऐकलं. मग माझ्याकडे बघितलं.

"दीड महिना भाजी वाढताना तुझं तोंड हलतंय, आन् वर हसतीयास. काय म्हणत हुतीस?"

मी हँडल स्टँडवर ठेवलं. "काही नाही, आई."

"माझं कान गेलं हुतं, डोळं न्हवं."

"शिव्या देत होते तुम्हाला."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "आता मोठ्यानं दे की. लय दिवस झालं, घरात कुणी माझ्याशी भांडलं न्हाई."

माझ्याकडे दीड महिन्याचा साठा होता. त्यातली एकही आठवेना. हुंदकाच फुटला. त्यांच्या कानात तो नको तेवढा मोठा ऐकू गेला असणार, पण त्यांनी आवाजाचं चाक मागे फिरवलं नाही.